आधी जेवलास का, मग आत्म्याचं बोलू

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आला होता, मी पहाटे पाचला उठून बघितला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाहीये. दोन ओळीत उत्तर देण्यासारखं ते नाही, म्हणून सकाळचा योगवर्ग आटपून, मारुतीच्या देवळातून घरी येऊन हे पत्र लिहायला बसलेय. सावकाश वाच, रात्री वाचू नकोस.

तू लिहिलंयस, "बाई, आत्मा अमर आहे ना, मग हे शरीर आणि मन सारखं मधे का येतं? स्पर्धा परीक्षेचा तिसरा अटेम्प्ट आहे माझा. पुस्तक उघडलं की मन पळतं, रात्री बसलं की शरीर झोप मागतं. या दोघांना मारायचं कसं ते सांगा, तुम्ही शाळेत आम्हाला गीता शिकवली होती." आणि खाली ते कीर्तनाचं रील पाठवलंस, शरीर दुःखाचं कोठार म्हणून.

तो "मारायचं" शब्द मला फार लागला. मी तुला उलट एवढंच विचारलं की काल दिवसभरात काय खाल्लंस, तर तुझं उत्तर आलं की सकाळी चहा आणि क्रीमरोल, दुपारी मेसला सुट्टी म्हणून काही नाही, रात्री अभ्यासिकेच्या खाली वडापाव, आणि पुढे लिहिलंस "पण बाई, माझा प्रश्न त्याचा नाहीये." बाळा, प्रश्न त्याचाच आहे. निदान सुरुवात तरी तिथूनच आहे, आणि हे मी एक म्हातारी बाई पोराला जेव म्हणते तसं म्हणत नाहीये, हे उपनिषदात आहे.

छांदोग्य उपनिषदाचा सहावा अध्याय. उद्दालक आरुणी म्हणून ऋषी, त्यांचा मुलगा श्वेतकेतू. बाराव्या वर्षी शिकायला गेला आणि चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून परत आला, म्हणजे साधारण तुझ्याच वयाचा, आणि आला तोच ताठ्यात. बापाने त्याला समोर बसवून एकेक सांगायला सुरुवात केली, त्यात एक वाक्य असं आहे, अन्नमयं हि सोम्य मनः, म्हणजे अरे बाळा, मन हे अन्नाचं बनलेलं आहे. आपण खातो त्याचा जाड भाग मळ होतो, मधला भाग मांस होतो, आणि सगळ्यात सूक्ष्म भाग असतो त्याचं मन होतं. पोरगा म्हणाला अजून नीट समजावून सांगा. बापाने शब्दांनी नाही समजावलं, म्हणाला पंधरा दिवस जेवू नकोस, पाणी मात्र हवं तेवढं पी. सोळाव्या दिवशी पोरगा समोर आला, बाप म्हणाला ऋचा म्हणून दाखव, यजू म्हण, सामं म्हण. तर श्वेतकेतू म्हणतो, मला काहीच आठवत नाहीये.

बारा वर्षांचं पाठांतर बघ. पंधरा दिवसांत हाताशी येईना. बाप म्हणाला, मोठी धगधगलेली आग असते, ती विझत जाऊन काजव्याएवढा एकच निखारा उरला तर त्याने काय जळणार, तुझ्या सोळा कलांपैकी, म्हणजे भागांपैकी, एकच उरलीय आत्ता, जा, जेवून ये. पोरगा जेवून आला आणि बाप विचारेल ते सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. वाळलं गवत टाकलं की तोच काजव्याएवढा निखारा परत पेट घेतो, हेही तिथेच सांगितलंय.

आता यातली जी गोष्ट मला तुला दाखवायचीय ती पुढे आहे. "तत् त्वम् असि" हे वाक्य तू कुठे ना कुठे ऐकलं असशीलच, ते तूच आहेस, आत्म्याबद्दलचं एवढं मोठं वाक्य. ते याच अध्यायात आहे, हाच बाप याच मुलाला ते एकदा नाही, नऊ वेळा सांगतो. पण कधी, तर मुलगा जेवून आल्यावर. आधी मनाचं नि अन्नाचं नातं त्याच्या अंगाला लागू दिलं, मग आत्म्याचा विषय काढला. मी इतकी वर्षं हा अध्याय शिकवला, वाचला, आणि दर वेळी मला त्या क्रमाचं नवल वाटतं.

आणि तू पाठवलंस ना ते रील, ते अर्धं आहे. शरीर दुःखाचें कोठार, शरीर रोगाचें भांडार, हे तुकोबांचंच आहे, खोटं नाही. पण त्याच अभंगात पुढच्याच कडव्यात तेच तुकोबा म्हणतात, शरीर उत्तम चांगलें, शरीर सुखाचें घोंसुलें, आणि शरीरानेच परब्रह्म साधलं म्हणतात. शेवटी तर सरळ सांगतात की शरीर वाईटही नाही नि चांगलंही नाही, त्याचे लाड करू नकोस, त्याला दुःख देऊ नकोस, त्याचा त्यागही करू नकोस. एक मिनिटाच्या रीलमध्ये पहिलं कडवं बसलं नि बाकीचं कापलं गेलं, आणि तेवढ्या एका कडव्यावर तू तुझ्या जेवणाचा निर्णय घेतलास.

मी हे एवढं कळकळीने सांगतेय कारण मी स्वतः त्यातून गेलेय. 1984 साल, मी पुण्यात संस्कृत घेऊन बी.ए. करत होते, वसतिगृहात राहायचे. तुझ्यासारखंच वाटायचं की मन फार ओढाळ आहे, त्याला वठणीवर आणायला पाहिजे. मग सोमवार धरला, गुरुवार धरला, शनिवार, चतुर्थी, एकादशी, आणि उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी वगैरे नाही, चहा आणि ताक. दोनतीन महिन्यांत मला फार छान वाटायला लागलं. कुणाचा राग येईना, कुणाला भेटावंसं वाटेना, मैत्रिणी सिनेमाला चालल्या तर जावंसं वाटेना, सगळं लांबून बघतोय असं वाटायचं, अंगात हलकं हलकं. मी मनात म्हटलं, हेच ते वैराग्य. वहीत तसं लिहूनसुद्धा ठेवलं होतं.

मग एक दिवस ग्रंथालयाच्या जिन्यात मधेच बसले ती उठताच येईना, डोळ्यापुढे पिवळं पिवळं. घाबरून जाऊ नये म्हणून मनाशी अमरकोश, तो संस्कृतचा श्लोकांतला शब्दकोश, म्हणायला लागले, लहानपणापासून पाठ, वडिलांनी करून घेतलेला, आणि तिसऱ्या ओळीनंतर पुढचं येईचना. रिकामं. त्या जिन्याची दगडी पायरी, तिचा गारवा, आणि डोक्यात तो रिकामेपणा, मला आजही आठवतो. माझी आत्या सदाशिव पेठेत राहायची, मैत्रिणींनी तिच्याकडे पोचवलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेसहा. आत्या काही बोलली नाही. तिने मऊ भात केला, अगदी पातळसर, वर मेतकूट, मधे बोटाने खळगा करून त्यात तूप, आणि ताट माझ्यासमोर ठेवून ती तिथेच पाटावर बसून राहिली. पहिला घास घशाखाली गेला, दुसऱ्या घासाला मला एकदम रडू फुटलं, कशाचं ते कळेना, तिने पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाली जेव. मग लोहाच्या गोळ्या, खजूर, हळिवाचे लाडू, पालेभाज्या, असं दोन महिने चाललं. आणि हळूहळू मला परत राग यायला लागला, हसू यायला लागलं, मैत्रिणींची आठवण यायला लागली, अमरकोशही परत आला.

मी ज्याला वैराग्य समजत होते ते माझ्या रक्तात लोह नव्हतं, बस. आणि भयंकर गोष्ट ही की आतून दोन्ही सारखंच वाटतं. तुझं शरीर खचतं तेव्हा ते मनाचा आवाज काढून बोलतं, "कशातच अर्थ नाही", "माझ्याने होणार नाही", "लोक नकोसे वाटतात", आणि आपण त्याला विचार समजतो, कधी तत्त्वज्ञान समजतो. कुणी कमी झोपून, कमी खाऊन, सहा महिने उन्हात न जाता अभ्यासिकेत बसलेलं असेल आणि त्याला जग निरर्थक वाटत असेल तर मी त्याच्याशी जगाच्या अर्थावर चर्चा करत नाही, आधी त्याला जेवायला वाढते. म्हणूनच गीतेच्या सहाव्या अध्यायात, ध्यानाच्याच अध्यायात, अगदी रोखठोक सांगितलंय की अती खाणाऱ्याला योग नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही, अती झोपणाऱ्याला नाही नि जागत बसणाऱ्यालाही नाही. शाळेत मी हे तुम्हाला पाठ करून घेतलं होतं पण बहुतेक तेव्हा तुम्हाला ते मार्कांपुरतं वाटलं.

बरं आता मनाचं. तुझ्या डोक्यात एक चित्र आहे असं मला वाटतं, की वर आत्मा आणि मन एका बाजूला, ते उच्च, आणि खाली शरीर, ते जड, नि त्या दोघांची मारामारी. हे चित्र आपल्याकडचं नाहीच म्हटलं तरी चालेल. फ्रान्सच्या देकार्त नावाच्या तत्त्वज्ञाने सतराव्या शतकात असा काप घातला, विचार करणारं मन म्हणजेच आत्मा एकीकडे आणि शरीर एखाद्या यंत्रासारखं दुसरीकडे. आपल्या सांख्यांनी, म्हणजे सांख्य दर्शन मानणाऱ्यांनी, काप वेगळ्याच जागी घातला. त्यांच्या हिशोबाने शरीर, इंद्रियं, मन, अहंकार, अगदी बुद्धीसुद्धा, हे सगळं एका बाजूला, सगळं प्रकृतीचं, एकाच मातीचं म्हण, फक्त कुठे जाड कुठे बारीक. आणि दुसऱ्या बाजूला एकटा पुरुष, म्हणजे नुसता बघणारा. यातून रोजच्या जगण्यात केवढा फरक पडतो बघ. मन जर शरीराच्याच जातीचं असेल तर त्याला भूक लागते, ते दमतं, त्याला विश्रांती लागते, सराव लागतो, आणि ते आजारीही पडू शकतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आणि तो बघणारा? तू लिहिलंस पुस्तक उघडलं की मन पळतं. मग ते पळालं हे कळलं कुणाला? पळणारं पळत होतं, ते काही थांबून सांगत नाही मी पळतोय म्हणून. ज्याला कळलं तो जागेवरच होता ना. आत्म्याबद्दल मी कुणाला काही सांगायचं झालं तर एवढंच सांगते, यापुढचं ज्याचं त्याने बघावं. मानायलाच पाहिजे असंही नाही. चार्वाकांनी आत्मा मानला नाही, बुद्धांनी अनात्म सांगितलं, ही सगळी आपलीच माणसं आणि फार खोल विचार करणारी. पण एक गंमत लक्षात घे, बुद्धांनीही आधी उपाशी राहून शरीर पार हाडांवर आणलं होतं, त्यातून काही हाती लागलं नाही, सुजाताने दिलेली खीर खाल्ली आणि मग ते झाडाखाली बसले. आत्मा मानणारा उद्दालक आणि न मानणारे बुद्ध, दोघांच्याही गोष्टीत ज्ञानाच्या आधी जेवण आहे.

चरकसंहितेत, आयुर्वेदाच्या त्या जुन्या ग्रंथात, तर तुझ्या प्रश्नाचं अगदी थेट उत्तर आहे. सत्त्व म्हणजे मन, आत्मा आणि शरीर, हे तिघं त्रिदंडासारखे आहेत असं चरक म्हणतो. तीन काठ्या एकमेकींना टेकवून उभ्या करतात ना, तशा. त्यात कुठली काठी मोठी हा प्रश्नच येत नाही, एक काढली की उरलेल्या दोन आपोआप पडतात. तू त्यातली एक तोडून बाकीच्या दोन बळकट करायला निघालायस.

त्याच चरकात आणखी एक प्रकरण आहे ते मला आजच्या पोरांसाठीच लिहिल्यासारखं वाटतं. कुठले वेग अडवू नयेत आणि कुठले अडवावेत. अडवू नयेत असे तेरा सांगितलेत, त्यात लघवी, शौच, शिंक, ढेकर, जांभई, उलटी आहे, आणि भूक आहे, तहान आहे, झोप आहे, रडू आहे. हो, रडूसुद्धा. आणि अडवावेत ते कुठले, तर लोभ, शोक, भय, क्रोध, गर्व, मत्सर, कठोर बोलणं. आता तुझा दिवस काढून बघ. जागा जाईल म्हणून अभ्यासिकेत तीनतीन तास लघवी रोखतोस, पाणी कमी पितोस, भूक मारतोस, झोप मारतोस, गेल्या वेळी रिझल्ट आला तेव्हा रडू गिळलंस हे तुझ्या आईने मला सांगितलं. आणि जे अडवायचं ते? रूममेटचा स्कोर बघून पोटात होणारी आग, कटऑफचं भय, टेलिग्राम ग्रुपवर कुणीतरी काहीतरी टाकलं की उसळणारा राग, हे रात्री दोन वाजेपर्यंत मोकळं सुटलेलं असतं. बरोबर उलटं चाललंय सगळं. मला तर वाटतं संयम या शब्दाचा तू जो अर्थ घेतलायस तोच चुकीच्या दारावर पहारा देतोय.

आणि मनाचे दोन गुण चरकाने सांगितलेत, ते अणू आहे आणि ते एकच आहे. म्हणजे एका वेळी एकाच जागी जाऊ शकतं. तू एका कानात लेक्चर दीडपट स्पीडने, समोर नोट्स, बाजूला उलटा ठेवलेला फोन, असं करतोस आणि म्हणतोस मन लागत नाही. ते बिचारं एकटं आहे रे, तीन ठिकाणी कुठून जाणार.

आता डॉक्टर लोक काय म्हणतात तेही थोडं सांगते, कारण तुला सायन्सचं पटतं. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण 2 टक्के, पण शरीराला लागणाऱ्या शक्तीतली जवळजवळ 20 टक्के तो एकटा खातो. दिवसभर वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. तू चार तास झोपतोस म्हणजे दिवसभर भरलेलं मडकं रात्री स्वतःच्या हाताने गळकं करतोस. आणि मेंदूतून निघून छातीतून पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची एक मोठी नस आहे, तिच्यातले साधारण 80 टक्के तंतू खालून वर बातमी नेणारे असतात. मन शरीराला हुकूम सोडतं असं आपल्याला वाटतं, पण त्या वाटेवर हुकमापेक्षा खालून वर जाणाऱ्या निरोपांचीच गर्दी जास्त.

त्या वाटेवर आपल्या हातात असलेली एक गोष्ट म्हणजे श्वास. हृदयाचे ठोके तू ठरवून कमी करू शकत नाहीस, पचन ठरवून करू शकत नाहीस, श्वास मात्र आपोआपही चालतो आणि तू म्हणशील तसाही चालतो. आत्ता वाचता वाचता डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं ठेव, नाडी सापडू दे. आता सावकाश श्वास घे, ठोके किंचित पटपट पडतील, आणि खूप हळू सोड, ठोके लांबतील. लगेच नाही कळलं तर चारपाच वेळा कर. लोणावळ्याला कैवल्यधाममध्ये स्वामी कुवलयानंदांनी 1924 पासून प्राणायामाचं असंच यंत्रं लावून मोजमाप सुरू केलं होतं, तेव्हा लोक योगाकडे फक्त गूढ म्हणून बघायचे. तुला मोठं काही नको. पेपर हातात यायच्या आधी आणि रात्री आडवं झाल्यावर, चार मोजत श्वास घे आणि सात-आठ मोजत सोड, दहा वेळा. श्वास कोंडून धरू नकोस, कपालभाती वगैरे उपाशी राहून नुसत्या चहावर अजिबात करू नकोस.

मन शरीरातून कसं दिसतं ते मला खऱ्या अर्थाने इगतपुरीला कळलं, धम्मगिरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं तेव्हा. आमचं घर वारकरी, तिथे नामस्मरणही बाजूला ठेवायला सांगतात, त्यामुळे मी जरा बिचकतच गेले होते. पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा, चौथ्यापासून अंगावरच्या संवेदना, आणि मग दिवसातून तीनदा एकेक तास अजिबात न हलता बसायचं. माझा उजवा गुडघा विसाव्या मिनिटाला पेटायचा. पहिल्या दोन दिवसांत मला वाटलं आता काहीतरी फाटणार आत. मग एकदा नीट बघितलं तर लक्षात आलं की दुखणं जेवढं आहे तेवढं आहे, एका जागी, रुपयाएवढं, धडधडतंय, पण मन "अजून चाळीस मिनिटं" म्हटलं रे म्हटलं की ते मांडीपर्यंत चढतं, जबडा आवळला जातो, पोट घट्ट होतं. आणि मन परत नुसतं बघायला लागलं की पुन्हा रुपयाएवढं. गुडघा माझा, चाळीस मिनिटं मनाची, आणि हे दोन्ही वेगळं दिसलं ते तिसऱ्याला. तुझ्या बाबतीत पेपर अवघड जाणं हा गुडघा आहे. "घरी काय तोंड दाखवू, वय निघून चाललं, काकांचा मुलगा सेटल झाला" ही चाळीस मिनिटं आहेत.

माझी आई गेली त्याआधी दोन वर्षं तिची स्मृती जात चालली होती. शेवटी शेवटी ती मला "तुम्ही कुठल्या हो बाई?" विचारायची. माझं नाव गेलं, वडील गेलेत हे गेलं, जेवलो की नाही हेही जायचं. पण कापसाचा पेळू हातात दिला की तिची बोटं वाती वळायला लागायची, अंगठा नि तर्जनी, थोडीशी राख, एकसारख्या, एकीपेक्षा दुसरी लांब नाही. आणि संध्याकाळी मी "देवाचिये द्वारीं" म्हटलं की ती डोळे मिटून "उभा क्षणभरी" म्हणायची, पुढचं कधी यायचं कधी नाही. मी तिच्या तळपायांना काशाच्या वाटीने तूप लावत बसायचे, तेव्हा तिचा चेहरा मोकळा व्हायचा आणि ती माझ्याकडे बघायची. कोण म्हणून बघायची ते मला ठाऊक नाही. आत्मा बघितला असं मी म्हणणार नाही, तेवढा अधिकार नाही माझा. पण मन जवळजवळ सगळं निघून गेलं होतं आणि तरी त्या खोलीत आई नाहीये असं मला त्या दोन वर्षांत एकदाही वाटलं नाही, आणि जी कोण तिथे होती तिच्यापर्यंत पोचायला माझ्याकडे शब्द नव्हते, वाटी होती नि तळपाय होते.

म्हणून मला कुणी शरीराला तुच्छ म्हटलेलं सहन होत नाही.

आता कामाचं. उद्या सकाळी रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व, डी जीवनसत्त्व, थायरॉईड, शुगर. तू शाकाहारी आहेस, बी-ट्वेल्व कमी झालं तर थकवा येतो, विसरायला होतं, मुंग्या येतात, मन खाली जातं, आणि माणूस स्वतःला आळशी समजत राहतो. पैशाचं तुझ्या आईला सांगू नको, मी पाठवते, नोकरी लागल्यावर दे. मेस बदल, रविवारीही चालू असणारी बघ, नाहीतर कुकर घे नि मुगाची खिचडी टाक, त्याला वीस मिनिटं लागतात, तेवढी तू त्या टेलिग्राम ग्रुपला देतोसच. अकराच्या पुढे जागायचं नाही. सकाळी अर्धा तास पर्वतीवर जा, पायऱ्या चढ, ऊन लागू दे अंगाला, कानात काही घालू नकोस.

आणि एक, हे नीट वाच. रिपोर्ट सगळे चांगले आले, जेवण-झोप मार्गी लागली, आणि तरी दोनतीन आठवडे मन उठतच नसेल, किंवा जगणं नको असा विचार एकदा जरी आला, तर ती साधना कमी पडल्याची खूण नव्हे आणि तू दुबळा आहेस असंही नव्हे, ते आजारपण असतं आणि त्याला डॉक्टर असतात, औषधं असतात. 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा, नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. त्याच्या आधी किंवा नंतर मला फोन कर, रात्री पावणेदोन वाजले असले तरी कर, मेसेज नको करू, मेसेजने मी उठत नाही. कुणी म्हणालं नाम घे, सगळं ठीक होईल, तर नाम जरूर घे, पण गोळी घेऊन घे.

अभ्यासाचं मी काही सांगत नाही, ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. छांदोग्याचा तो सहावा अध्याय मात्र मूळातून वाचू आपण, तू आलास की. पुढच्या शनिवारी दुपारची एसटी धर, रविवारी संध्याकाळी परत जा, एका दिवसाने पोर्शन बुडत नाही. येताना वही आण, पुस्तकं नको. मी हळीव आजच आणून ठेवते.

रिपोर्ट आले की फोटो पाठव. सकाळी पाठव.

तुझी,
बाई